हिमोढाची चिकणमाती : रबाळे लॅबच्या प्रकल्प नोंदी

४ जुलै

कुलूची पोती अखेर आली. तीन पोती, सुतळीने शिवलेली, वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. ठाणे-बेलापूर रोडला पाणी भरल्यामुळे टेम्पो दुपारभर ऐरोलीला उभा होता, लॅबचे काका त्याच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबले.

काम असं आहे: कुलू जिल्ह्यात देवदाराच्या जंगलातला उतार, उंची साधारण २,८०० मीटर. एका इमारतीकडे जाणारा छोटा रस्ता काढायचाय आणि डोंगराच्या बाजूला रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत. कन्सल्टंट नेरूळचे, म्हणून माती एवढ्या लांबून आपल्याकडे. साइट इंजिनियरच्या चिठ्ठीवर लिहिलंय, "तपकिरी चिकणमाती, गोटे मिसळलेली, हिमोढ." हिमोढ म्हणजे हिमनदीने आणून टाकलेली दगडमाती. टेस्ट नेहमीच्याच मागितल्यात: चाळणी, हायड्रोमीटर (बारीक कणांचं माप), लिक्विड लिमिट (किती टक्के ओलाव्याला माती वाहू लागते), प्लॅस्टिक लिमिट (किती ओलाव्यापर्यंत दोरी वळता येते), फ्री स्वेल (पाण्यात किती फुगते), प्रॉक्टर (ठोकून किती घट्ट बसते), डायरेक्ट शिअर (सरकायला किती जोर लागतो). नवी मुंबईतल्या कुठल्याही प्लॉटसाठी येते तीच यादी, तारीख बदललेली.

मालाचं वजन कमी आहे. माती-चाचण्यांच्या भारतीय मानकाच्या, आयएस २७२०च्या, भाग ४ प्रमाणे सगळ्यात मोठा गोटा ७५ मि.मी.चा असेल तर चाळणीसाठी ६० किलो माल लागतो, ४० मि.मी.चा असेल तर २५ किलो. इथे प्रत्येक पोतं जेमतेम पंधरा किलोचं, आणि हाताला लागणारे गोटे मुठीएवढे. साइटला फोन लावला. "मॅडम, खेचरावरून खाली आणलंय, अजून कुठून आणू?" यावर काय बोलणार! पोत्यातला सगळा माल चाळायचा, चौथाई करून कमी करायचा नाही, आणि रिपोर्टमध्ये शेरा टाकायचा.

५ जुलै

पोती उघडली. साइटच्या पोराने एक काम फार चांगलं केलंय: खड्ड्याच्या भिंतीतून थर वेगळे ठेवून माल काढलाय आणि प्रत्येक पोत्यात खोली लिहिलेली चिठ्ठी टाकलीय. बहुतेक ठिकाणी "०.५ ते १.५ मीटर" असं एकच लेबल येतं आणि आत सगळ्याची खिचडी.

एक नंबर, १५ ते ३० सें.मी. : फिकट, राखाडीकडे झुकणारा, हातात भुसभुशीत.
दोन नंबर, ४५ ते ८० सें.मी. : गडद तपकिरी, ढेकळं टोकदार कडांची, ओल्या हाताला चिकटणारी.
तीन नंबर, १.४ ते १.६ मीटर : राखाडी, दगडासारखी घट्ट ढेकळं. कुदळीने फोडून काढल्याच्या खुणा अजून दिसतात.

इंटर्न मुलीने आजवर मुरूम, काळी माती आणि खाडीचा चिखल एवढंच पाहिलंय. तिने दोन नंबरचं ढेकूळ हातात घेऊन विचारलं, "मॅडम, ही फुगणार ना खूप?" आमच्याकडे चिकणमाती म्हटलं की पहिला प्रश्न हाच. बघू.

७ जुलै

आषाढीची सुटी काल झाली, आज धुलाई. ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाणी सोडून दोन नंबर धुतला. एमआयडीसीच्या पाण्याला आज प्रेशर नव्हतं, त्यामुळे अर्धा दिवस यातच गेला.

चाळणीवर राहिलेले गोटे ट्रेमध्ये मांडले. नदीचे गोटे वर्षानुवर्षं घरंगळून गोल होतात. हे तसे नाहीत. कोपरे मोडलेत पण गोलाई नाही, आणि बऱ्याच गोट्यांची एक बाजू कानशीने घासल्यासारखी सपाट. त्यातला एक हाताच्या तळव्याएवढा, काळपट शिस्टचा. त्याची सपाट बाजू खिडकीच्या उजेडात तिरपी धरली की ओरखडे दिसतात: बहुतेक लांबीच्या दिशेने समांतर, त्यांना छेदणारे दोन-तीन तिरके. हिमनदीच्या तळाशी अडकून हा दगड खालच्या खडकावर घासत गेला, मध्येच वळला, पुन्हा घासला. इंटर्नला म्हटलं, नखाने चाचपून बघ. नख अडकतं.

टिल म्हणजे हेच. पाणी आणि वारा माल निवडून टाकतात, जड आधी आणि हलका पुढे. बर्फाला निवड येत नाही. पिठापासून खोलीएवढ्या धोंड्यांपर्यंत जे सापडेल ते एकत्र चिरडून नेतो आणि वितळला की तसंच टाकून देतो. म्हणून याच्या चाळणीचा आलेख आमच्या रेतीच्या आलेखासारखा एका ठिकाणी उभा चढत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळत जातो.

महाराष्ट्रात असं काही नाही, असं काका म्हणाले. ठाण्या-रायगडापुरतं खरं आहे. आपला बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा, त्याने बर्फ पाहिलाच नाही. पण चंद्रपूरकडे इरई नदीकाठी चुनखडकाच्या फरशीवर हिमनदीचे ओरखडे आहेत, १८७०च्या दशकात भूवैज्ञानिकांनी ते नोंदवले. त्यावर बसलेला गोट्यांचा थर तालचेर गटातला, ३० कोटी वर्षांच्या आसपासचा, केव्हाच खडक झालेला. आपल्या ट्रेमधला माल त्या मानाने कालचा आहे. शेवटच्या हिमयुगातला धरला तरी हजारांतली वर्षं, कोटींतली नाहीत.

दोन नंबरचे आकडे: ४.७५ मि.मी.च्या वर ३१ टक्के, ७५ मायक्रॉनच्या खाली ४३ टक्के.

९ जुलै

माल वाळत नाही. हवेत दमटपणा इतका की ट्रेमधली माती सकाळी जितकी ओली तितकीच संध्याकाळी. इंटर्नने विचारलं, सरळ ११० वर ओव्हनला का नको? लिक्विड लिमिटच्या मालाला नकोच. जास्त उष्णतेने काही मातींचे कण एकमेकांना असे चिकटून बसतात की पुन्हा पाण्यात सुटत नाहीत, आणि लिमिट खोटी कमी येते. खाडीच्या चिखलात हा फरक डोळ्यात भरण्याइतका असतो. ओव्हन ६०च्या वर न्यायचा नाही, असं दारावर चिकटवून टाकलं.

११ जुलै

हायड्रोमीटर लावला. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट ३३ ग्रॅम आणि सोडियम कार्बोनेट ७ ग्रॅम, एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात. त्यातलं १०० मि.लि. मातीत घालून मिक्सर. मग लिटरचा जार, उलटसुलट हलवून टेबलावर, आणि स्टॉपवॉच.

दोन नंबरच्या जारमध्ये पहिल्या मिनिटालाच वेगळेपण दिसलं. खिडकीकडून उजेड आला की गढूळ पाण्यात चमचम. अभ्रक. शिस्ट खडक चिरडून आलेल्या मालात अभ्रकाच्या पापुद्र्यांना तोटा नाही. इथे आकड्यांशी जपून वागायला हवं. हायड्रोमीटरचं सगळं गणित स्टोक्सच्या नियमावर चालतं आणि तो नियम कण गोल आहे असं धरतो. त्या हिशेबाने २ मायक्रॉनचा कण १० सें.मी. खाली जायला २० अंशांना आठ तासांच्या आसपास घेतो. पापुद्रा मात्र आडवा होऊन डुलत डुलत उतरतो. असतो तो गाळाच्या मापाचा (चिकणमातीहून मोठा, रेतीहून बारीक), आणि हायड्रोमीटर त्याला चिकणमातीत मोजतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. २ मायक्रॉनखालचं सगळं चिकणमाती, ही झाली मापाची व्याख्या. आपल्याकडे बेसाल्ट कुजून जी माती होते तिच्यात बारीक कण म्हणजे बहुतांशी स्मेक्टाइट, खनिज म्हणूनही अस्सल चिकणमाती. पाणी थरांच्या आत घेणारी. हिमनदीने दळलेलं पीठ नुसतं बारीक असतं. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक, क्लोराइट, जे खडकात होतं तेच, फक्त चूर्ण झालेलं. त्यातलं बरंचसं गाळाच्या मापाशीच थांबतं, कारण त्याहून बारीक करायला दळण्याची ताकद पुरत नाही. काही भाग २ मायक्रॉनच्याही खाली जातो, पण म्हणून तो पाण्याशी खाडीच्या चिखलासारखा वागत नाही.

१२ जुलै

चोवीस तासांचं रीडिंग घेतलं. २ मि.मी.खालची माती शंभर धरली तर चिकणमाती: एक नंबर १६ टक्के, दोन नंबर ३३, तीन नंबर १९. खड्डा एकच, खडक एकच, आणि मधल्याच थरात दुप्पट. बर्फाने टाकताना थर लावले नाहीत हे आपण परवाच लिहिलंय, तेव्हा ही चिकणमाती नंतर आलीय.

१५ जुलै

कासाग्रांडे कप, म्हणजे लिक्विड लिमिट मोजायची वाटी. दोन नंबर: लिक्विड लिमिट ३८, प्लॅस्टिक २१, म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स १७. ए-लाइनच्या (आलेखावर चिकणमाती आणि गाळ वेगळे करणाऱ्या रेघेच्या) वर, मध्यम प्लॅस्टिसिटीची चिकणमाती. तीन नंबरची दोरी ३ मि.मी.पर्यंत कशीबशी वळली आणि तुटली. तिचा ओला गोळा तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने ठोकला की वर पाण्याची चमक येते, बोटांनी दाबला की पाणी आत जातं. ही गाळाची खूण. दोन नंबरला असं काही होत नाही.

कपात जाते ती फक्त ४२५ मायक्रॉनखालची माती, हे इंटर्नला आज मुद्दाम करायला लावलं. दोन नंबरच्या पोत्यातला ४६ टक्के माल त्या चाळणीच्या वरच राहिला. रिपोर्टमध्ये "लिक्विड लिमिट ३८" वाचणाऱ्याला वाटतं अख्खा डोंगर ३८चा आहे.

स्केम्प्टनने १९५३ साली दिलेलं सक्रियतेचं गुणोत्तर काढलं, प्लॅस्टिसिटी इंडेक्स भागिले चिकणमातीचा टक्का. ४२५खालच्या मालात चिकणमाती ३८ टक्के धरून ०.४५ येतं. ०.७५च्या खाली म्हणजे निष्क्रिय, १.२५च्या वर गेली तर सक्रिय. सोडियमवाल्या माँटमोरिलोनाइटचं (स्मेक्टाइटांपैकीच एक) हेच गुणोत्तर पाचाच्याही पुढे जाऊ शकतं. तेव्हा दळलेल्या पिठाची शंका आकड्यातही दिसते.

१७ जुलै

फ्री स्वेल. दहा-दहा ग्रॅम माती, एका सिलिंडरमध्ये केरोसीन, दुसऱ्यात पाणी, चोवीस तास. शेजारी मुद्दाम घणसोलीच्या खाडीकडच्या पाइलिंगचा उरलेला माल लावला.

कुलू दोन नंबर: केरोसीनमध्ये ११, पाण्यात १२. नऊ टक्के. खाडीची माती: ११ आणि २०, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर. दोन्ही सिलिंडर शेजारी ठेवून फोटो काढला, रिपोर्टला जोडायचा. इंटर्नच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. फुगत नाही.

सर म्हणाले, मग झालं, भिंतीला चिंता नाही. मला तसं वाटत नाही.

१८ जुलै

आज भिंग काढलं, दहापट. लॅबमध्ये ते धूळ खात पडलेलं असतं, कारण आमच्या कुठल्याच टेस्टच्या फॉर्मवर "ढेकूळ बघा" असा रकाना नाही.

दोन नंबरचं न चिरडलेलं एक ढेकूळ नैसर्गिक फटीवर हाताने उघडलं. ताज्या मोडलेल्या जागी माती खरखरीत, कण सुटे दिसतात. पण जुन्या फटीच्या पृष्ठभागावर तुकतुकीत तपकिरी पातळ थर, आतल्या मातीपेक्षा गडद. एका जागी मुळाची जुनी नळी होती, दाभणाएवढी. तिच्या आतल्या भिंतीवर तोच थर, आणि तळाशी जाड. सुईच्या टोकाने खरवडला तर पापुद्रा सुटला. काकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, याला साय धरलीय." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

ही साय पाण्याने आणलीय. वरच्या फिकट थरातून पाऊस आणि वितळलेला बर्फ झिरपताना सगळ्यात बारीक कण सुटून खाली जातात. पाणी जिथे कोरड्या ढेकळात शोषलं जातं किंवा खालच्या घट्ट थरावर अडतं, तिथे कण भिंतीला चिकटून राहतात. असं हजारो वर्षं. यासाठी आधी मातीतला चुना धुऊन जावा लागतो, कारण कॅल्शियम असेल तर बारीक कण गुठळ्या करून बसतात, हलत नाहीत. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब तिन्ही थरांवर टाकले, कुठेही फेस नाही.

शेतीवाल्या मृदाशास्त्रात या मधल्या थराला स्वतंत्र दर्जा आहे. अमेरिकी कृषी खात्याचं वर्गीकरण १९७५ साली पुस्तकरूपात आलं. आपल्याकडे नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थाही तीच पद्धत वापरते. त्यांचा नियम: वरच्या थरात चिकणमाती १५ ते ४० टक्के असेल तर खालच्या थरात किमान १.२ पट हवी, आणि ती खाली उतरून साठल्याचा पुरावा हवा. १६ गुणिले १.२ म्हणजे १९.२. आपल्याकडे ३३ आहे, पुरावा भिंगाखाली आहे.

अजून एक गोष्ट दिसली. काही ढेकळांत फिकट माती जिभेसारखी तपकिरी थरात घुसलीय. म्हणजे वरचा थर हळूहळू खालच्याला खातोय. पाणी फटींतून जातं तिथून चिकणमाती पुन्हा सुटते आणि आणखी खाली जाते.

कन्सल्टंटच्या दृष्टीने यात कामाची माहिती आहे. एवढी जाड साय धरायला उतार हजारो वर्षं जागेवर थांबलेला असावा लागतो. सतत सरकणाऱ्या मातीत असा थर जमत नाही, जमला तरी मोडतो. निदान या खड्ड्यापुरता डोंगर स्वतःहून स्थिर होता. आता आपण त्याच्या पायथ्याशी कापणार.

२१ जुलै

एका बाजूला पाण्यात ढेकळं सोडून पाहिलं. कुठल्या कोडातली टेस्ट नाही, तीन काचेचे बीकर आणि वाळलेली तीन ढेकळं.

सगळे तीन नंबरवर पैज लावून बसले होते. हातोडीने फुटेना इतकं घट्ट, तेच टिकणार. पाण्यात पडताच त्यातून बुडबुडे सुटले, कडा घसरायला लागल्या आणि चहा येईपर्यंत बीकरच्या तळाशी राखाडी लगदा, त्यात खडे. दोन नंबरचं ढेकूळ कोपऱ्यांवर सुटलं पण मधला गाभा संध्याकाळपर्यंत उभा. घणसोलीचं फुगून पसरलं, ते अपेक्षितच.

तीन नंबरचा घट्टपणा दाबून बसवलेल्या कणांचा आहे, चिकटपणाचा नाही. १०० मीटर जाडीचा बर्फ चौरस मीटरला साधारण ९० टन भार टाकतो. तळाशी पाणी साठलेलं असेल तर त्यातलं बरंच वजन पाणीच पेलतं, तरी उरलेलं काही थोडं नाही. शिवाय वरून भार, खालून घासणं, दोन्ही एकदम. साइटने सँड रिप्लेसमेंटने (खड्ड्यात रेती भरून त्याचं आकारमान मोजायचं) कोरडी घनता काढून पाठवलीय: मधला थर १.५५, खालचा २.०५ ग्रॅम प्रति घन सें.मी. (गोट्यांमुळे कोअर कटर आत जात नाही, तेव्हा हीच पद्धत बरोबर.) डोंगराच्या पोटात हा थर उत्तम पाया आहे. उघडा पाडून पावसात ठेवला तर लगदा.

२३ जुलै

दिवसभर लाइट नाही. प्रॉक्टर उद्यावर.

२५ जुलै

नेरूळला कन्सल्टंटकडे बैठक. सरही आले.

मी साइटचे फोटो मागून घेतले होते. खड्ड्याच्या भिंतीवर साधारण १.२ मीटर खोलीला ओलीची एक आडवी रेघ, आणि तिच्या आसपास माती राखाडी-नारिंगी ठिपक्यांची. नारिंगी म्हणजे लोखंडाला हवा मिळाली, राखाडी म्हणजे पाणी इतके दिवस साचलं की हवा संपली. पाणी वरून येतं, तपकिरी थराच्या फटींतून उतरतं, घट्ट टिलच्या माथ्यावर थांबतं आणि उताराच्या दिशेने आडवं सरकतं. बर्फ वितळण्याच्या महिन्यांत हे रोज चालणार.

कन्सल्टंटनी पहिला प्रश्न केला तो स्वेल प्रेशरचा. त्यांचं अख्खं आयुष्य उरण-उलवे-खारघरच्या मातीत गेलंय, साहजिक आहे. आम्हा सगळ्यांनाच तशी सवय लागलीय; चिकणमाती दिसली की फुगणं आणि आकसणं. इथे स्वेल नऊ टक्के आहे, तो विषय दोन मिनिटांत संपतो. या उतारावर प्रश्न आहे पाणी कुठे थांबतं याचा, आणि तो कुठल्याही एका सॅम्पलच्या आकड्यात नाही. तो दोन नंबर आणि तीन नंबरच्या मधल्या रेघेत आहे. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये भिंतीमागचा ड्रेन भिंतीच्या तळाशी होता, म्हणजे घट्ट टिलच्या आत. तिथे पाणी पोचतच नाही. ते वरच्या पातळीवर भिंतीच्या पाठीला येऊन दाबत राहील. ड्रेनची एक ओळ घट्ट थराच्या माथ्यावर, डोंगराच्या बाजूला हवी, आणि वीप होल, म्हणजे भिंतीतली पाणी निघायची भोकं, त्या पातळीला.

त्यांनी पेन्सिलने तिथेच रेघ मारली. मग विचारलं, फिल्टर कापड पातळ चालेल का. एवढ्या गाळाच्या मालात नुसत्या कापडावर भरवसा ठेवू नये, ते कोंदतं. मागे ठरावीक मापाच्या रेती-खडीचा फिल्टर द्यावा, असं मी सांगितलं. खर्चाचं बघून कळवतो म्हणाले.

२८ जुलै

प्रॉक्टर झाला. मोठे गोटे काढून, नंतर करेक्शन लावून. आलेखाचा माथा टोकदार आला. ऑप्टिमम ओलाव्याच्या (ज्याला माती सगळ्यात घट्ट बसते) दोन टक्के पुढे गेलं की घनता भराभर पडते आणि साच्यातला माल हातोड्याखाली हलतो, गादीसारखा नाही पण स्पष्ट. कंत्राटदाराला खोदून निघालेली हीच माती भिंतीमागे भरायचीय, वाहतूक वाचते म्हणून. कुलूच्या पावसात ओलावा दोन टक्क्यांच्या आत राखणं म्हणजे कागदावरची गोष्ट.

आणि एक कारण, ज्याचं पान आमच्याकडे कधी कुणी उघडत नाही: गोठणं. कासाग्रांडेने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेला अंदाज अजून वापरात आहे. कण सगळ्या मापांचे मिसळलेले असतील तर ०.०२ मि.मी.खालचा माल ३ टक्क्यांच्या वर गेला की गोठून वर उचलली जाण्याचा धोका. आपल्या तिन्ही पोत्यांत तो त्याच्या कितीतरी पट आहे.

सरांना वाटलं पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं त्याबद्दल बोलतेय. तेवढ्याने भिंत हलत नाही. खरी गोष्ट अशी की गोठणाऱ्या पातळीकडे खालून पाणी ओढलं जातं आणि तिथे बर्फाच्या चकत्या वाढत जातात. रेतीत पाणी ओढण्याचा जोर नाही. घट्ट चिकणमातीत जोर आहे पण पाणी पुरेसं वाहत नाही. गाळाच्या मापाच्या मातीत दोन्ही आहे. टिल नेमकी तिथेच बसते, आणि इथे तर घट्ट थरावर पाणी आधीच साचलेलं. हिवाळ्यात चकत्या भिंत पुढे ढकलणार, वसंतात वितळून भिंतीमागे लगदा होणार.

शिफारस: भिंतीमागे खडी किंवा स्वच्छ रेतीमिश्रित माल, बाहेरून आणावा लागला तरी. खोदलेली टिल रस्त्याच्या खालच्या बाजूच्या भरावात वापरता येईल, कोरड्या महिन्यांत आणि पातळ थरांत.

३० जुलै

डायरेक्ट शिअर उरकला. ६ सें.मी.च्या पेटीत ४.७५ मि.मी.खालचाच माल बसतो, हे रिपोर्टमध्ये ठळक. गोटे धरून घर्षण यापेक्षा जास्त निघेल, पण त्यावर डिझाइन करू नये.

१ ऑगस्ट

वर्गीकरणावरून लॅबमध्येच वाद. आयएस १४९८प्रमाणे निम्म्याहून जास्त माल ७५ मायक्रॉनच्या वर असेल तर माती जाड कणांची. दोन नंबरमध्ये ५७ टक्के वर आहे, त्यातही गोटे रेतीहून जास्त, म्हणून नाव पडतं जीसी, चिकणमातीयुक्त खडी. हाच माल मृदा सर्वेक्षणवाल्यांना दिला तर ते २ मि.मी.वरचं वेगळं काढतात, उरलेल्याचं पोत बघतात आणि म्हणतात खडेमिश्रित चिकण-पोयटा. शिवाय त्यांची रेती ०.०५ मि.मी.पासून सुरू होते, आपली ०.०७५ पासून, गाळाचे टक्केही जुळत नाहीत. साइटच्या चिठ्ठीवर तर नुसतं "तपकिरी चिकणमाती".

इंटर्न म्हणाली, मग खरं नाव कोणतं? कामासाठी जीसी लिहायचं, कोड तेच मागतो. पण जीसी वाचून कुणी ही माती पाणी सोडणारी खडी समजला तर फसेल, कारण गोटे एकमेकांना टेकलेले नाहीत; चिकण-गाळाच्या गाऱ्यात रुतलेले आहेत आणि पाणी त्या गाऱ्यानेच चालतं. म्हणून टेबलाखाली दोन ओळी वर्णनाच्या घातल्या, भिंगाखालच्या फोटोसकट. सरांनी "एवढं कोण वाचतं" म्हणत सही केली.

५ ऑगस्ट

रिपोर्ट गेला. संध्याकाळी कन्सल्टंटचा फोन: ड्रेनची वरची ओळ मंजूर, रेती-खडीचा फिल्टरही घेतायत. भरावाच्या मालावर कंत्राटदाराशी बोलणी चालू.

त्यांना उताराच्या खालच्या अंगाला अजून एक खड्डा हवाय, कारण भिंत तिथे उंच होते. तिथेही घट्ट थर त्याच खोलीला असेल असं धरून चालणार नाही. टिलचा माथा सपाट नसतो. साइटला मेसेज टाकला: थर वेगळे ठेवा, ओलीची रेघ दिसेल तिथे खोली मोजून फोटो घ्या. घट्ट थरातलं एक अख्खं ढेकूळ मेण लावून पेटीत पाठवा. गोटे ७५ मि.मी.पर्यंत असतील तर प्रत्येक थराचा ६० किलो माल लागेल, खेचराच्या दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील, भाडं बिलात लावा. आणि लेबल पोत्याच्या आतही टाका, बाहेरचं इथे पोचेपर्यंत पुसलेलं असतं.